श्वासाची मोजणी : कायोत्सर्गापासून प्रेक्षाध्यानापर्यंत

ध्यान म्हटले की डोळे मिटून निश्चल बसणे, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जैन परंपरेने चालणे, उभे राहणे आणि श्वास घेणे या नित्य क्रियांनाच साधनेचे रूप दिले.

भगवान महावीरांचा साडेबारा वर्षांचा साधनाकाल प्रामुख्याने विहारात व कायोत्सर्गात गेला. पुढची भूमी न्याहाळीत सावधपणे पाऊल टाकणे, हीच ईर्यासमिती. चालताना मन चालण्यातच ठेवणे, हे तिचे मर्म होय. येण्याजाण्यात जीवविराधना घडली असेल म्हणून इरियावहियं म्हणावयाचे आणि त्यानंतर स्थिर होऊन पंचवीस श्वासांचा कायोत्सर्ग करावयाचा, असा गती व स्थैर्य यांचा सुंदर मेळ आपल्या पूर्वाचार्यांनी घातला.

श्वेतांबर परंपरेत कायोत्सर्गाचे माप श्वासोच्छ्वासांत दिले आहे. देवसी प्रतिक्रमणास 100, राईस 50, पक्खीस 300, चौमासीस 500 आणि संवत्सरीस 1008. एका पदास एक श्वास या हिशेबाने ‘चंदेसु निम्मलयरा’पर्यंतच्या लोगस्सचे पंचवीस श्वास होतात. म्हणून पक्खीस बारा, चौमासीस वीस, तर संवत्सरीस चाळीस लोगस्स व वर एक नवकार. दिगंबर परंपरेतही नऊ वेळा णमोकार सत्तावीस श्वासांत म्हणण्याचा प्रघात आहे. संप्रदाय भिन्न असले तरी माप श्वासाचेच.

मात्र श्वास कोंडण्याचा आग्रह येथे नाही. अन्नत्थ सूत्रात श्वास, खोकला, शिंक यांची सूट प्रथमच मागून ठेवली आहे. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी गुर्जरनरेश कुमारपाळ यांच्या विनंतीवरून ‘योगशास्त्र’ रचले. त्याच्या पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर वर्णन करून सहाव्यात मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, की प्राणायामाने कष्टविलेले मन स्वस्थ होत नाही.

उभ्या कायोत्सर्गाचा आदर्श पाषाणातही कोरला गेला. श्रवणबेळगोळचे दहाव्या शतकातील भगवान बाहुबली, आपल्या वेरूळच्या जैन लेण्यांतील लतावेष्टित बाहुबली आणि कुंभोज येथील भव्य मूर्ती ही त्याची साक्ष होय.

या विखुरलेल्या सूत्रांना आधुनिक काळात पद्धतीचे रूप मिळाले. आचार्य तुलसी यांच्या प्रेरणेने मुनी नथमल, म्हणजेच पुढील आचार्य महाप्रज्ञ (1920–2010), यांनी दीर्घ अभ्यासानंतर 1975 मध्ये जयपूर येथे ‘प्रेक्षाध्यान’ हे नाव दिले. कायोत्सर्ग, दीर्घश्वासप्रेक्षा, समवृत्तिश्वासप्रेक्षा, शरीरप्रेक्षा, लेश्याध्यान व अनुप्रेक्षा यांसोबत मंदगतीने जाणीवपूर्वक चालण्याचा गमनयोगही त्यात आला.

आज जगभर लोक श्वासाकडे पाहण्यास शिकत आहेत. आपणही त्यासाठी दूरच्या शिबिरांना जातो. पण मिनिटाला पंधरा श्वास धरले, तरी संवत्सरीच्या 1008 श्वासांस तासाहून अधिक वेळ लागतो. आपले चाळीस लोगस्स किती मिनिटांत आटोपतात, याचा हिशेब ज्याने त्याने स्वतःशीच मांडावा. पदे पूर्ण झाली आणि श्वास उरले, तर खाते जुळले असे म्हणता येणार नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी उपाश्रयात व मंदिरात एक तरी कायोत्सर्ग श्वासाच्या मापाने होवो. पूर्वजांनी दिलेली ही ठेव व्याजासह पुढील पिढीच्या हाती सोपविली जावो, हीच शासनदेवाचरणी प्रार्थना.