गोलाच्या आधींचा खेळ

मैदानावर टाळी पडते ती शेवटच्या कृतीला. चेंडू जाळ्यांत गेला, गडी शिवला गेला, कीं पाहणारांचा आनंद ओसंडूं लागतो. परंतु ती कृति शक्य करणारा क्षण दोनचार पावलें आधींच येऊन गेलेला असतो. तो क्षण इतरांच्या आधीं ओळखणें यालाच खेळाची समज म्हणतात. हॉकीच्या इतिहासांत या समजेचें स्थान फार मोठें आहे. पण तो इतिहास लिहूं जातां पहिली अडचण अशी येते कीं, तिची नोंद ठेवण्याची चाल फार थोड्या ठिकाणीं पडली.

ही समज म्हणजे काय, हें जाणण्यास वर्धा जिल्ह्यांतील रहिवाशाला दूर जावयास नको. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या एखाद्या पटांगणांत खोखोचा डाव चालला आहे, असें श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. आठ गडी एका रांगेंत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून बसले आहेत. नववा पाठलाग करीत आहे. त्याला मधली रेषा ओलांडण्याची मुभा नाहीं, आणि खुंटापर्यंत पोंचल्यावांचून धरलेली दिशा उलटविण्याचीही नाहीं. पळणारा रेषेपलीकडे निसटला, कीं पाठलाग करणाऱ्याच्या पायांचें काम संपतें आणि नजरेचें सुरू होतें. बसलेल्यांपैकीं कोणाचें तोंड तिकडे आहे, पळणारा आणखी दोन पावलांनीं कोठें असेल, हें ताडून त्यानें 'खो' द्यावयाचा आणि आपण खालीं बसावयाचें. हातातोंडाशीं आलेलें यश असें दुसऱ्याच्या स्वाधीन करावें लागतें. गडी बाद झाला म्हणजे नांव होतें तें मात्र शिवणाऱ्याचें.

या खेळाचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावतीस, वैद्य बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. पुढें १९३६ साल उजाडलें. त्या वर्षीं एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळील शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास गेले आणि साऱ्या देशाची दृष्टि या जिल्ह्याकडे वळली. त्याच उन्हाळ्यांत अमरावतीच्या मंडळाचें पथक बर्लिनला गेलें आणि ऑलिंपिकच्या निमित्तानें जमलेल्या परदेशीयांपुढें त्यानें हुतुतूसारखे देशी खेळ करून दाखविले. हिंदुस्थानचा हॉकीचा संघही तेव्हां त्याच शहरांत होता.

त्या संघाचे नायक ध्यानचंद. १९२२ सालीं सैन्यांत शिपाई म्हणून दाखल झालेल्या या खेळाडूनें १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें १४ गोल केले होते. तरीही बर्लिनला पोंचल्यावर सरावाच्या सामन्यांत जर्मनीनें हिंदुस्थानला ४–१ असें हरविलें. गोल करणारा जगांतील श्रेष्ठ खेळाडू संघांत असतांना हा पराभव झाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्यानंतर अलि दारा यांना हिंदुस्थानांतून विमानानें बोलावून घेण्यांत आलें. उपांत्य सामन्यास ते हजर झाले आणि ध्यानचंदांच्या शेजारीं खेळले. फ्रान्सवर १०–० असा विजय मिळाला. १५ ऑगस्ट रोजीं अंतिम सामन्यांत जर्मनीचा ८–१ असा पाडाव झाला. त्या दिवशीं पुढील फळीला चेंडू पुरविण्याचें काम निमल, कलन आणि गॅलिबर्डी या तिघां हाफांकडे होतें. आज किती जणांना तीं नांवें ठाऊक आहेत?

ध्यानचंदांनीं त्या सामन्यांत ३ गोल केले कीं ६, याविषयीं नोंदी जुळत नाहींत. जेथें गोलांचाच हिशेब पक्का नाहीं, तेथें दिलेल्या चेंडूंचा कोण ठेवणार? त्या कलेची साक्ष उरली ती केवळ आठवणींत. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस भारताचे नायक झालेले कुंवर दिग्विजय सिंग 'बाबू' यांच्या नांवावर अशी एक आठवण सांगितली जाते कीं, एकदां आपणांस चेंडू देतांच ध्यानचंद गोलाकडे न पाहतां पाठ फिरवून परत चालूं लागले. त्यांच्या मतें गोल देतांनाच झालेला होता; उरलें होतें तें केवळ काठी लावणें.

बर्फावरील हॉकीनें मात्र या अदृश्य कलेस वहींत जागा दिली. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक साखळींत गोल करणाऱ्याबरोबरच, त्याच्या आधीं ती रबरी चकती पुढें देणाऱ्या जास्तींत जास्त दोघांचींही नांवें लिहितात. त्यामुळेंच कॅनडाचे वेन ग्रेट्झ्की यांची थोरवी आंकड्यांत सांगतां येते. १९७९ ते १९९९ या काळांत त्यांनीं ८९४ गोल केले, आणि १,९६३ गोल दुसऱ्यांकडून करविले. त्यांचा स्वतःचा एकही गोल धरला नाहीं, तरी त्या साखळींत दुसऱ्या कोणाही खेळाडूच्या गोल व साह्य यांची बेरीज त्या आंकड्यास पोंचत नाहीं. ते धिप्पाड नव्हते. लहानपणीं सामना पाहतांना कागदावर मैदान आंखून चकती कोठून कोठें जाते, याच्या रेघा ते ओढीत; जेथें रेघा दाट होत, तेथें पोंचण्याची संवय त्यांनीं लावून घेतली. गोलाच्या जाळ्यामागील ज्या जागीं पूर्वीं फारसें कोणी थांबत नसे, तेथें उभे राहून ते सारें मैदान समोर ठेवीत.

म्हणून खेळाची समज ही दैवी देणगी मानून सोडून देणें बरोबर नव्हे. ती पाहण्यानें वाढते आणि नोंदण्यानें टिकते. जें मोजलें जातें तेंच मुलें शिकतात. केवळ गोल मोजणारी शाळा अखेर गोलाचा लोभ शिकविते. पटांगणावरील वहींत 'बाद' या रकान्याशेजारीं 'खो कोणीं दिला' असा आणखी एक रकाना आंखण्यास कांहीं खर्च येत नाहीं. तो रकाना १९३६ सालीं बर्लिनच्या वहींत असता, तर निमल यांचें नांव आज असें विचारून सांगावें लागलें नसतें.