लोकमताचे माप आणि मापातून सुटलेला अमेरिकन कामगार

उदारमतवादी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रानडे आणि गोखले उभे राहतात. सनदशीर मार्ग, व्यक्तीचे स्वातंत्र्य, अर्ज-विनंत्या आणि अभ्यासपूर्ण भाषणे, असा त्या शब्दाचा इंग्लंडहून आलेला अर्थ आपल्या मनात रुजलेला आहे. अमेरिकेत मात्र १९३० नंतर या शब्दाने निराळेच वळण घेतले. १९३३ साली तेथील कामगारांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने कामगारांच्या संघटनेला व सामुदायिक वाटाघाटीला संरक्षण दिले. त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचा कायदा होऊन वृद्धांच्या पेन्शनचा पाया घातला गेला. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया या दोन्ही कायद्यांतून वगळल्या गेल्या, हेही येथेच सांगितले पाहिजे. तेव्हापासून सरकारने गरिबाच्या पाठीशी उभे राहावे असे म्हणणारा तो तेथे लिबरल, आणि सरकारने मालकाच्या व बाजाराच्या कारभारात हात घालू नये असे म्हणणारा तो कॉन्झर्व्हेटिव्ह, अशी स्थूल वाटणी झाली.

या दोन शब्दांमागे किती माणसे उभी आहेत हे मोजण्याचा आधुनिक उद्योगही त्याच सुमारास भरभराटीला आला. आणि त्याची पहिली मोठी फजिती कामगारांनीच केली.

‘लिटररी डायजेस्ट’ नावाचे एक साप्ताहिक १९१६ पासून अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी टपालाने मतपत्रिका पाठवून कौल घेई, आणि विजयी उमेदवार दर वेळी अचूक सांगे. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी पत्रिका धाडल्या. २३ लाखांवर परत आल्या. एवढी प्रचंड संख्या पाहून कोणाचेही डोळे दिपावेत! रिपब्लिकन उमेदवार लँडन मोठ्या फरकाने निवडून येणार, असा त्यांचा हिशेब निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना शेकडा ६० हून अधिक मते पडली आणि ४८ पैकी ४६ राज्ये मिळाली. लँडन यांच्या पदरात मेन व व्हरमाँट एवढीच आली. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडले.

असे का व्हावे? पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी टेलिफोन नाही, दारी मोटार नाही, त्या मजुराला पत्रिका पोचणार कशी? पण मग अशाच याद्यांनी १९३२ साली दगा का दिला नाही, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते उत्तर मोजणीच्या शास्त्रात नाही, राजकारणात आहे. त्या चार वर्षांत अमेरिकेचे मतदान अधिक उघडपणे वर्गावर विभागले गेले. श्रीमंत आणि गरीब एकाच बाजूला झुकत होते तोवर केवळ श्रीमंतांना विचारून भागत होते. ते दोन दिशांना गेले आणि यादी उघडी पडली. शिवाय पत्रिका परत पाठविणारे बहुधा रूझवेल्टवर चिडलेलेच अधिक होते, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. संघटनेत आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींना याचे नवल वाटत नाही. सभेत जो मोठ्याने बोलतो तो सभेचे मत सांगतोच असे नाही.

जॉर्ज गॅलप यांनी १९३५ साली आपली संस्था काढली होती. ‘डायजेस्ट’च्या मानाने अगदी थोड्या, पण सर्व थरांतून निवडलेल्या लोकांना विचारून त्यांनी रूझवेल्ट यांचा विजय आधीच सांगितला. मात्र त्यांचे माप मतदारांचे होते, जनतेचे नव्हे. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना धाकाने व कायद्याच्या पळवाटांनी मतदानापासून दूर ठेवलेले होते. जो मत देणार नाही त्याला विचारायचे कशाला, या न्यायाने ते नमुन्यातही फारसे आले नाहीत.

१९४८ साली गॅलप यांचीही पाळी आली. विचारणाऱ्याला इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब असा वाटा ठरवून देत, आणि माणूस निवडणे त्याच्यावर सोपवीत. साहजिकच तो नीटनेटका, सहज भेटणारा माणूस गाठी. त्यातच रोपर यांनी सप्टेंबरातच मोजणी आटोपती घेतली. ट्रूमन यांनी १९४७ साली टाफ्ट-हार्टले या कामगारविरोधी कायद्यावर नकाराधिकार वापरला होता. काँग्रेसने तो मोडून काढला, पण कामगार संघटनांनी ते लक्षात ठेवले. ट्रूमन निवडून आले. ‘शिकागो ट्रिब्यून’ने मात्र डुई जिंकल्याचा मथळा छापला होता. त्या छापखान्यातील जुळाऱ्यांचा संप चालू होता, म्हणून अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईला द्यावा लागत होता!

माणूस बरोबर निवडला तरी प्रश्नाचे शब्द उरतातच. १९४० च्या एका प्रयोगात लोकशाहीविरुद्ध भाषणांना परवानगी द्यावी काय, असे विचारता मत देणाऱ्यांपैकी शेकडा ७५ लोकांनी ‘नको’ म्हटले. अशा भाषणांना बंदी करावी काय, असे विचारता ‘होय’ म्हणणारे ५४ च निघाले. १९८० नंतरच्या पाहण्यांतही हेच दिसते. सरकार ‘वेल्फेअर’वर फार कमी खर्च करते असे शेकडा वीस-पंचवीस लोक म्हणत, पण ‘गरिबांना मदत’ असा शब्द घालताच तेच म्हणणारे साठांच्या वर जात. फ्री आणि कँट्रिल यांनी १९६७ च्या ग्रंथात लिहिले की, तत्त्व विचारले तर निम्मे अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह. पण शाळा, घरे, वृद्धांचे औषधपाणी अशी एकेक योजना विचारली तर जवळजवळ दोन तृतीयांश लिबरल. आम्हांला यातले दुसरे उत्तर अधिक खरे वाटते.

२०१६ साली मापातून पुन्हा कामगारच सुटला. या वेळी तो दुसऱ्या बाजूला होता. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या जुन्या कारखानदारीच्या राज्यांत चाचण्या क्लिंटन यांना पुढे दाखवीत होत्या. तिन्ही ट्रंप यांनी मिळून सुमारे ७८ हजार मतांनी जिंकली. कॉलेजात शिकलेली माणसे चाचण्यांना अधिक उत्तरे देतात, आणि अनेक संस्थांनी तो तोल सावरलेलाच नव्हता.

प्यू या संस्थेने १९९७ साली टेलिफोन केला की शंभरांतील ३६ घरे उत्तर देत. २०१८ साली सहाच देऊ लागली. तेव्हा या संस्थेने आपले उत्तरदाते टपालाने निमंत्रण धाडून गोळा करावयास सुरुवात केली. यादी मात्र आता टपालखात्याच्या घरोघरच्या पत्त्यांची आहे, आणि तीत टेलिफोन वा मोटार असण्याची अट नाही.