लिव्हर अडकतो तेव्हा: जीपच्या ट्रान्सफर केसची गोष्ट

पोस्टडॉकसाठी इकडे येण्याआधीच्या पावसाळ्यात मी आजोबांची जुनी फोर-व्हील गाडी घेऊन वरंध घाटात गेलो होतो. चिखलात फोर-व्हील टाकलं आणि डांबरी रस्ता लागल्यावर काढायला विसरलो. प्रत्येक वळणावर गाडी जड होत गेली, शेवटी लिव्हर जागचा हलेना. भोरच्या मिस्त्रीकाकांना फोन केला. ते म्हणाले, "जोर लावू नकोस. सरळ दहा-बारा फूट रिव्हर्स घे." घेतली, आणि लिव्हर अलगद सुटला.

हे का झालं ते समजून घ्यायचं तर १९४० सालच्या अमेरिकेत जावं लागेल. त्या जुलैत अमेरिकन लष्कराने एका छोट्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीसाठी १३५ कंपन्यांकडे विचारणा केली. पहिला नमुना द्यायला मुदत होती फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम कंपनीने २३ सप्टेंबरला तो पोहोचवला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या.

या गाडीचं गुपित गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या एका पेटीत होतं. हीच स्पायसर कंपनीची ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटते. लो गिअर टाकला की ओढ १.९७ पट होते. पण एवढी ओढ एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडू नये म्हणून आत एक अडसर ठेवलेला असतो: आधी फोर-व्हील, मगच लो. त्यामुळे 'लो पडतच नाही' अशी तक्रार असेल, तर आधी पुढचा लिव्हर नीट बसलाय का ते बघा.

आता माझी चूक. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल या पेटीत नसतं. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो शाफ्टमध्ये साठत जातो आणि गिअरचे दात एकमेकांवर आवळले जातात. रिव्हर्स घेतल्यावर तो पीळ उलगडतो. पुढचे-मागचे टायर कमी-जास्त झिजलेले असले तरी हेच होतं, म्हणून पेटी खोलण्याआधी टायर मोजा.

अमेरिकन लष्कराने १९४४ मध्ये 'टीएम ९-८०३' ही पुस्तिका काढली. तिच्यात दोष, संभाव्य कारण आणि उपाय असे ओळीने दिले आहेत. घरून थेट आघाडीवर आलेल्या पोरालाही गाडी दुरुस्त करता यावी, हा हेतू. क्रम नेहमी सोप्याकडून अवघडाकडे. गिअर सुटतोय? आधी लिव्हरचे सांधे झिजलेत का बघा, मग शिफ्ट रॉडला धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग, आणि शेवटी मधला शाफ्ट आणि बेअरिंग. आवाज येतोय? आधी तेल बघा. तेही गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हीचं, कारण मधून तेल इकडचं तिकडे जाऊ शकतं. हँडब्रेक लागत नाही? त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्याच मागे असतो. तिथलं ऑइल सील गेलं तर ब्रेकच्या लायनिंगला तेल लागतं. तेव्हा नुसतं लायनिंग बदलून भागत नाही, आधी सील बदलावं लागतं.

युद्ध संपलं आणि ही यंत्रणा आपल्याकडे आली. महिंद्राने मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे त्या गावोगावी पोचल्या, पण इंग्रजी पुस्तिका कितीशा मिस्त्रींच्या हाती आल्या असतील? काकांनी ती कधीच पाहिली नव्हती. लिव्हरवर तळहात ठेवायचा, थरथर ओळखायची आणि बोलायचं, ही त्यांची पद्धत. तरी त्यांचा क्रम तोच: आधी तेल, मग सांधे, खोलायचं ते शेवटी.

काका गेल्या वर्षी गेले. मी इथे दिवसभर अभिलेखागारात बसून परक्या लोकांच्या दुरुस्तीच्या नोंदी वाचतो, आणि ज्यांनी मला घाटातून सोडवलं त्यांच्या आवाजाचं एक मिनिटही माझ्याकडे रेकॉर्ड केलेलं नाही. तुमच्या ओळखीत असे कोणी मिस्त्री असतील, तर पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर त्यांच्याकडे तासभर बसा. फोन रेकॉर्डिंगला लावा आणि विचारा, "काका, लिव्हर अडकला तर काय करायचं?"