जहांगीरचा पक्षी आणि वसंतातली शिकार

साल १६१२. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीतला सातवा नवरोज नुकताच पार पडला होता. खंबायतहून मुकर्रबखान दरबारात हजर झाला. गोव्याच्या बंदरात फिरंग्यांकडे ज्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या घेऊन ये, असा बादशहाचा हुकूम होता आणि खानाने फिरंग्यांनी मागितलेली किंमत मोजून त्या आणल्या होत्या. त्यांत काही जनावरे आणि पाखरेही होती. त्यांतला एक पक्षी बादशहाच्या नजरेत भरला आणि त्याने 'तुझुक-ए-जहांगीरी' या आपल्या आत्मचरित्रात त्याच्यासाठी चांगली जागा दिली.

हा पक्षी म्हणजे टर्की. जहांगीर लिहितो की तो मोरापेक्षा लहान आणि लांडोरीपेक्षा मोठा आहे. मस्तीत आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. डोक्यावरचा मांसाचा तुकडा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, कधी गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो. सर्वांत नवलाची गोष्ट रंगांची. त्याचे डोके आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, तर कधी फिरोजा खड्यासारखी निळी दिसते. बाबराने आपल्या आठवणींत प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, हेही जहांगीर इथेच नोंदवतो. त्याने स्वतः मात्र चित्रकारांना कामाला लावले. उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

उर्दू शिकवताना मला या पक्ष्याच्या नावांची नेहमी गंमत वाटते. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले, तुर्कांनी 'हिंदी' म्हटले, अरबांनी 'दीक रूमी' म्हणजे रूमचा कोंबडा. डच लोकांनी त्याचे नाव कालिकतशी जोडले. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, आणि मराठी माणसाला तर ते ऐकून फळच आठवेल. प्रत्येकाने त्याला दुसऱ्याच्या गावचा ठरवला. उर्दूतला 'फीलमुर्ग' सोंडेकडे बोट दाखवतो आणि फारसीतला 'बूकलमून' बदलत्या रंगांकडे. पाहून ठेवलेली नावे ही दोनच.

खरे तर हा पक्षी उत्तर अमेरिका खंडाचा. मेक्सिकोतल्या लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच पाळीव केला होता. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या हातून तो गोव्यात पोहोचला. जहांगीरसमोर उभा होता तो हा पाळीव भाऊ. त्याच जातीचा रानटी भाऊ अमेरिकेच्या जंगलात राहतो आणि आजच्या लेखाचा खरा विषय तो आहे.

जहांगीरने पिसारा फुलवलेला, रंग बदलणारा जो नर वर्णन केला, तो विणीच्या मस्तीतला नर होता. अमेरिकेत दर वसंतात लाखो शिकारी पहाटे जंगलात जातात ते याच नरासाठी. तिथे नवशिक्याला पहिली ताकीद मिळते ती कपड्यांची. लाल, पांढरे किंवा निळे काही अंगावर नको, हातरुमालही नको. हे तीन रंग नर टर्कीच्या डोक्याचे असतात आणि झुडपाआड असा रंग हलताना दिसला तर दुसरा शिकारी गोळी झाडू शकतो. पोवळे, कापूस आणि फिरोजा! बादशहाने कौतुकाने टिपलेले रंग चारशे वर्षांनंतर दुसऱ्या खंडात जीव वाचवण्याचा नियम झाले आहेत.

आता ही शिकार कशी चालते ते पाहू. टर्की रात्री उंच झाडावर झोपतो. उजाडण्याआधी नर फांदीवरूनच घोगऱ्या, गडगडत्या आवाजात ओरडू लागतो. तो कुठे आहे हे कळावे म्हणून शिकारी कधी घुबडाचा आवाज काढतात, कारण मस्तीतला नर अशा अचानक आवाजालाही चिडून उत्तर देतो. मग शिकारी शंभरेक मीटरवर एखाद्या रुंद झाडाला पाठ टेकवून बसतो आणि मादीच्या आवाजात साद घालतो. यासाठी मूलनिवासी लोक टर्कीच्याच पंखाच्या हाडाची नळी वापरत. पुढे लाकडी पेटीचे वाद्य आले. १८९७ मध्ये हेन्री गिब्सन यांनी अशा पेटीचे पेटंट घेतले. एक साधन तर चक्क आपल्या शाळेतली पाटी आहे: पाटीच्या दगडावर काडी घासली की हुबेहूब मादीचा आवाज निघतो.

साद घालून पक्षी बोलावणे आपल्याला नवे नाही. महाराष्ट्रातले फासेपारधी पाळलेल्या तित्तराच्या आवाजावर रानातले तित्तर फाशात आणत. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती शिकार बेकायदा आहे. पण दोन्हींत एक फरक आहे. तित्तर येतो तो आपल्या हद्दीत घुसलेल्या परक्याशी भांडायला. टर्की येतो तो मादीला भेटायला, आणि इथेच सगळी अडचण आहे.

कारण निसर्गाचा रिवाज उलटा आहे. टर्कीमध्ये नर एका जागी उभा राहून ओरडतो, पिसारा फुलवतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादी बनून नरालाच आपल्याकडे बोलावतो. कोवळा नर फसतो. जुना, अनुभवी नर उत्तर देतो, जवळ येतो आणि साठ-सत्तर मीटरवर थांबतो. बंदुकीचा छर्रा पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे भरवशाचा नसतो. नर तिथेच फेऱ्या घालतो, ओरडतो, वाट पाहतो. जणू म्हणतो, मी आहे इथे, आता तू ये. मध्ये एखादा ओढा, कुंपण किंवा दाट झुडूप असेल तर तो मुळीच पुढे येत नाही. शेवटी पाठ फिरवून निघून जातो. अशा नराला शिकारी हट्टी म्हणतात.

खरे पाहिले तर तो हट्टी नाहीच. तो त्याच्या रिवाजाप्रमाणे वागतो आहे. रिवाज मोडायला सांगणारा शिकारी आहे. म्हणून जाणते शिकारी स्वतःला बदलतात. नवखा माणूस नर थांबला की जास्त जोरात, जास्त वेळा साद घालतो आणि नराची खात्री पटते की मादी आतुर आहे, ती येईलच. जाणता माणूस गप्प बसतो. मग पंधरा-वीस मिनिटांनी हाताने वाळली पाने हलकेच चाळवतो, मादी दाणे टिपत असल्यासारखी. किंवा साथीदार मागे सरकत सरकत साद घालतो, म्हणजे मादी कंटाळून निघाली असे नराला वाटावे. नराभोवती खऱ्या माद्या असतील तर त्याला बोलावण्यात अर्थच नसतो. तेव्हा थोराड मादीच्या सादेची नक्कल करून तिलाच डिवचतात. ती भांडायला आली तर नर तिच्यामागे येतो. तेही जमले नाही तर सकाळी दहा-अकरापर्यंत थांबतात. तोवर माद्या अंडी घालायला निघून गेलेल्या असतात आणि पहाटे ढुंकूनही न पाहणारा नर एकटा पडलेला असतो.

या पक्ष्याची नजर फार तीक्ष्ण असते. मान किंचित वळवली की त्याला चारी दिशा दिसतात. शिकाऱ्याने डोळ्यावरचा डास हाकलला तरी खेळ संपतो. तासन् तास निश्चल बसून बहुतेक दिवस माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. उर्दूत यासाठी एकच शब्द आहे, सब्र.

पण हा सब्र अमेरिकेला महागात शिकावा लागला. युरोपीय लोक आले तेव्हा टर्की मुबलक होता. त्यांनी जंगले तोडली आणि बाजारात विकण्यासाठी वर्षभर, नर-मादी न पाहता शिकार केली. झाडावर झोपलेल्या थव्यांवर रात्री गोळ्या घातल्या, दाणे टाकून जमवलेल्या पक्ष्यांवर बार काढले. मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटचा रानटी टर्की १८५१ मध्ये मारला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मूळच्या जवळपास निम्म्या राज्यांतून तो नाहीसा झाला होता.

मग कायदे आले. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याराज्यांतली वाहतूक गुन्हा ठरली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. शिकाऱ्याच्या खिशातून शिकारीच्या पक्ष्याची सोय झाली.

तरी पहिले प्रयत्न फसले. पिंजऱ्यात वाढवलेले हजारो टर्की जंगलात सोडले गेले, पण ते जगले नाहीत. आईच्या मागे फिरून धोका ओळखायला शिकलेले नव्हते, म्हणून कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी गेले. शिक्षक म्हणून मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वंश तोच असूनही तालीम नसल्यामुळे पक्षी टिकला नाही. शेवटी १९५० च्या दशकापासून खऱ्या रानटी पक्ष्यांना तोफेने उडवलेल्या जाळ्यात पकडून दुसऱ्या जंगलांत सोडू लागले आणि ते रुजले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले ३७ पक्षी सोडले. आज तिथे टर्की बोस्टनच्या रस्त्यांवरही फिरतो. १९७३ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख टर्की होते. आज ती संख्या साठ लाखांच्या आसपास आहे.

वसंतातल्या शिकारीचे नियमही यातूनच घडले. फक्त नर मारायचा. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि हंगाम असा ठेवतात की बऱ्याच माद्यांचे मिलन उरकलेले असावे. एका माणसाने किती नर मारायचे हेही राज्य ठरवते. साधारण एक, दोन, कुठे थोडे जास्त. अलीकडे दक्षिणेकडे संख्या पुन्हा घटू लागली, तेव्हा अलाबामा आणि टेनेसी या राज्यांनी हंगाम उशिरा सुरू केला आणि मर्यादा कमी केली.

इथे मला परत जहांगीरकडे वळावेसे वाटते, कारण आपल्याकडे मोगल बादशहांच्या शिकारीच्या गोष्टी एक तर अभिमानाने सांगितल्या जातात नाहीतर शिवी म्हणून. तो मोठा शिकारी होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समोर २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांतली १७,१६७ आपल्या हातची, असा हिशेब त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. मोगलांची कमरगाह शिकारही प्रसिद्ध आहे. हजारो माणसांचे कडे करून जनावरे मधोमध हाकत आणायची. त्यात जनावराला हट्ट करायला वाव नव्हता आणि शिकाऱ्याला सब्र करायची गरज नव्हती.

पण याच बादशहाने मन्सराज नावाच्या लाडक्या हरणाच्या आठवणीत आजच्या पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्याला मिनार बांधला आणि त्या भागातल्या हरणांच्या शिकारीला बंदी घातली. पुढे नातू शुजा आजारी पडला तेव्हा आपल्या हाताने कोणत्याही जीवाला इजा न करण्याचा निश्चय केला. एकाच माणसात हे सगळे होते. एकच पान फाडून दाखवणारे, मग ते कौतुक करणारे असोत की निंदा करणारे, आपल्याला अर्धा जहांगीर देतात.

आपल्या दीनमध्ये शिकार हलाल आहे, पण हद्दीसकट. सूरह माइदामध्ये शिकारीची परवानगी आहे आणि त्याच सूरहमध्ये इहरामात असताना जमिनीवरची शिकार मना आहे. जनावर समोर आहे, हातात ताकद आहे, तरी हात आवरायचा. अमेरिकेच्या जंगलात शिकाऱ्यासमोर मादी आली, ती अगदी दहा पावलांवर उभी राहिली, तरी तो बंदूक उचलत नाही आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की हट्टी नराला तिथेच सोडून घरी जातो. ज्या जंगलांत त्याच्या पणजोबाने शेवटचा टर्की मारला होता, तिथे आज पहाटे पुन्हा ओरडणे ऐकू येते, ते या हात आवरण्यामुळे.