माणशी सव्वा रुपया

मुंबई–अहमदाबाद आणि सुरत–धुळे हे दोन महामार्ग सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या चौकात एकमेकांना छेदतात. आजूबाजूला कापडाच्या डाइंग-प्रिंटिंग मिल, गोदामं आणि ट्रकांच्या रांगा आहेत. पाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांवर गुजरातीइतकीच अहिराणी ऐकू येते. धुळे, नंदुरबार, जळगावातून आलेल्या कित्येक घरांची चूल या भागातल्या पगारावर पेटते. पैशासाठी माणसं या रस्त्याने येतात ही गोष्ट नवी नाही. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला, तोही बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार याच वाटेने.

याच रस्त्यावर कडोदऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर बारडोली आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी एका अगदी लहान रकमेसाठी आपलं जवळजवळ सगळं पणाला लावलं होतं. ती रक्कम नेमकी किती होती, याचा हिशेब मांडला की बाकीची गोष्ट उलगडत जाते.

१९२० च्या दशकात बारडोली तालुक्याचा वर्षाचा शेतसारा पाच लाख रुपयांहून थोडा जास्त होता आणि लोकसंख्या ८७ हजारांच्या आसपास. १९२७ साली मुंबई सरकारने सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. म्हणजे सगळ्या तालुक्यावर मिळून वर्षाला एक लाखाहून थोडा अधिक बोजा वाढला. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांवर तो वाटला तर माणशी सव्वा रुपयापेक्षा किंचित जास्त भरतो. अर्थात सारा माणसांवर नव्हे, जमिनीवर असतो. काहींच्या वाट्याला जास्त आला, काहींच्या कमी. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. बहुसंख्य खातेदारांना हे पैसे भरणं जड गेलं असतं, पण भरता आले असते.

त्यांनी भरले नाहीत.

ही वाढ कुठून आली, हे समजून घेण्यासारखं आहे. जमाबंदीच्या फेरतपासणीचं काम डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांच्याकडे होतं. त्यांनी वाढ सुचवली ती जवळपास ३० टक्क्यांची. ताप्ती खोऱ्याची रेल्वे आली, महायुद्धाच्या काळात कापसाला भाव मिळाला, गावांत पक्की घरं उठली, जमिनीचे खंड आणि किमती चढल्या, अशी त्यांची कारणं होती. वरच्या अधिकाऱ्यांकडून फिरत फिरत आकडा २२ टक्क्यांवर स्थिरावला. शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. युद्धातला भाव केव्हाच उतरला होता. पक्की घरं तर बऱ्याच ठिकाणी दक्षिण आफ्रिकेत राबलेल्या माणसांच्या कमाईतून उभी राहिली होती. गांधींचे सहकारी नरहरी परीख यांनी लेखांमधून दाखवून दिलं की खंडाचे आकडे नीट चौकशी न करता धरले गेले आहेत. शेतकऱ्यांची मागणीही साधी होती. निःपक्षपाती चौकशी करा. तिच्यात जो आकडा निघेल तो आम्ही भरू.

सरकारने चौकशी नाकारली, आणि सव्वा रुपयाचा प्रश्न तिथेच पैशाच्या बाहेर गेला. आपलं म्हणणं कोणी ऐकूनही घेणार नसेल तर भरलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर आपण खोटारडे ठरतो, हे गावांना उमगलं.

४ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेल बारडोलीत आले. लढ्याचं नेतृत्व करायला त्यांनी लगेच होकार दिला नाही. जमिनी जातील, गुरं जातील, तुरुंग पाहावा लागेल, विचार करा, असं त्यांनी बजावलं. गव्हर्नरला पत्र लिहिलं. समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा १२ फेब्रुवारीच्या परिषदेत सारा न भरण्याचा ठराव झाला. हिंदूंनी देवाच्या नावाने आणि मुसलमानांनी खुदाच्या नावाने शपथ घेतली. अब्बास तय्यबजी आणि इमामसाहेब बावाझीर मुसलमान शेतकऱ्यांमध्ये फिरत होते. रविशंकर महाराज, जुगतराम दवे, डॉ. सुमंत मेहता, दरबार गोपाळदास यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या गावांतल्या छावण्या सांभाळल्या. मिठूबेन पेटिट, भक्तिबा देसाई, मणिबेन पटेल घरोघरी जाऊन बायकांशी बोलल्या. वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव याच लढ्यात मिळालं.

पुढचे काही महिने सगळा तालुका कुलुपाच्या आत राहिला. जप्तीचे अधिकारी येताना दिसले की ढोल वाजायचा आणि दारं बंद व्हायची. सरकारने जप्तीसाठी पठाण आणले. शेतकऱ्यांनी म्हशी घरात घेतल्या आणि माणसं व जनावरं एका छपराखाली आठवडेच्या आठवडे कोंडून राहिली. जप्त केलेला माल न्यायला गाडी मिळेना, लिलावात बोली लावायला आसपासचा माणूस उभा राहीना. जमिनी सरकारजमा झाल्या आणि त्यांतल्या काही बाहेरच्या लोकांना कवडीमोलाने विकल्या गेल्या. माणशी सव्वा रुपया वाचवण्यासाठी कोणी शहाणा माणूस दुभती म्हैस आणि वडिलोपार्जित शेत गमावत नाही. बारडोलीच्या माणसाने ते गमावलं, कारण तो सव्वा रुपया वाचवायला बसलाच नव्हता.

पैशाच्या जगालाही हे कळलं. मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये इंडियन मर्चंट्स चेंबरचे प्रतिनिधी असलेल्या लालजी नारणजी यांनी जागेचा राजीनामा दिला. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी लढ्यासाठी दरमहा हजार रुपये द्यायला सुरुवात केली. १२ जून रोजी देशभर बारडोली दिवस पाळला गेला. तालुक्यातल्या अनेक पाटलांनी आणि काही तलाठ्यांनी नोकऱ्या सोडल्या. गावच्या पाटीलकीचा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. तरीही त्यांनी तो सोडला. शेजाऱ्याच्या दारातून म्हैस ओढून नेताना आपला हात दोरीला लागावा, हे त्यांना सोसलं नाही.

ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली. सरकारने आधी वाढीव रक्कम जमा करण्याची अट घातली होती. शेतकरी जुन्या दराने सारा भरायला तयार होते, वाढीचा एक पैसाही द्यायला नव्हते. शेवटी फरकाची रक्कम तालुक्याबाहेरून भरली गेली आणि शेतकऱ्यांची शपथ शाबूत राहिली. लढ्यात पकडलेले कैदी सुटले, जमिनी परत मिळाल्या, तलाठी कामावर रुजू झाले. मग ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली. २२ टक्क्यांच्या जागी त्यांनी सुमारे ६ टक्के वाढ रास्त ठरवली. ही वाढ शेतकऱ्यांनी भरली. कर देणं त्यांना कधीच नामंजूर नव्हतं.

मराठी वाचकाला इथे मुळशी आठवल्यावाचून राहणार नाही. बारडोलीच्या सात वर्षं आधी, १९२१ साली, पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यातले मावळे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. तिथे सरकार पैसा मागत नव्हतं. तिथे पैसा देऊ केला जात होता. जमीन द्या आणि मोबदला घ्या, असा तो सौदा होता. बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, आणि मोबदल्यात सावकारांना रस होता. कसणाऱ्याला मात्र जमीनच हवी होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत राहिले. बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला. मुळशी हरली. गावं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. दोन्ही ठिकाणचा निकाल वेगळा लागला तरी हट्ट एकच होता. भातखाचराची किंमत रुपयांत मांडता येते हे मुळशीच्या शेतकऱ्याला ठाऊक होतं, पण ती किंमत त्याला न विचारता दुसऱ्याने ठरवावी, हे त्याला मान्य नव्हतं.

बारडोलीची गोष्ट १९२८ च्या विजयापाशी थांबवण्याची सवय आहे. खरी कसोटी दोन वर्षांनी लागली. १९३० च्या सविनय कायदेभंगात तालुक्याने पुन्हा सारा रोखला. या वेळी दडपशाही कितीतरी अधिक कठोर होती. तेव्हा शेतकऱ्यांनी वेगळाच मार्ग धरला. धान्य, भांडीकुंडी, गुरंढोरं गाड्यांत भरून ते गाव सोडून सरहद्द ओलांडून गेले. ही सरहद्द फार लांब नव्हती. इंग्रजी मुलूख आणि गायकवाडांचं बडोदा संस्थान या भागात गोधडीच्या ठिगळांसारखे एकमेकांत शिवलेले होते. आज कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात येतो, तो पलसाणा बडोद्याच्या नवसारी प्रांतात होता. तिथे इंग्रजांच्या जप्तीचा हात पोचत नव्हता.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून दत्तक गेलेल्या सयाजीरावांच्या राज्यात हजारो माणसं अशी येऊन राहिली. हेन्री ब्रेल्सफर्ड हा इंग्रज पत्रकार १९३० मध्ये या भागात फिरला. रिकामी पडलेली गावं आणि गोणपाट, झावळ्या, चटया यांच्या आडोशाला राहणारी कुटुंबं त्याने पाहिली आणि त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. ही माणसं कंगाल नव्हती. कुलूप लावलेल्या घरांमागे त्यांची कसदार काळी जमीन होती, काही ठिकाणी शेतात पीक उभं होतं. सारा भरला असता तर त्याच दिवशी ती परत जाऊ शकली असती.

मार्च १९३१ च्या गांधी–आयर्विन करारानंतर ती परतली. पण सरकारने तिसऱ्याला विकून टाकलेल्या जमिनी या करारानेही परत मिळाल्या नाहीत. काही कुटुंबांनी पुढची वर्षं आपल्याच शेताच्या बांधावरून जात, ते दुसऱ्याला कसताना पाहत काढली. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि मोरारजी देसाई महसूलमंत्री झाले. त्यांच्या काळात विकलेल्या जमिनी मूळ मालकांना मिळवून देण्याची व्यवस्था झाली. तोवर किती जणांचे आईवडील गेले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसणार.

या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून बारडोलीचा गौरव करता येत नाही. सारा रोखणारे खातेदार मुख्यतः पाटीदार, अनाविल आणि इतर जमीनधारक होते. त्यांच्या शेतात राबणारे दुबळा समाजाचे लोक, आजचे हळपती, पिढ्यान्‌पिढ्या हाळी म्हणून बांधलेले होते. लग्नासाठी मालकाकडून घेतलेलं कर्ज आयुष्यभर फिटत नसे, आणि तोवर माणूस मालकाचा असे. आत्मसन्मानासाठी घरदार सोडणाऱ्या तालुक्यातच या माणसांना आपल्या श्रमाचा दर ठरवण्याचा हक्क नव्हता. गांधींच्या कार्यकर्त्यांना हे दिसत होतं. जुगतराम दवे यांनी वेडछीच्या आश्रमात आयुष्य वाहिलं ते आदिवासी आणि हळपतींच्या शिक्षणासाठी. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत राहून हाळी प्रथेचा आणि तिच्या मोडण्याचा अभ्यास केला. प्रथा मोडली तरी माणूस मोकळा झालाच असं नाही, हे त्यांच्या लिखाणातून पुन्हा पुन्हा पुढे येतं.

स्वातंत्र्यानंतर कापूस आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. बारडोलीत आणि कडोदऱ्याला लागून असलेल्या चलथाणात सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सत्याग्रहात एकत्र उभं राहण्याची जी सवय लागली होती, तिचा या सहकाराला मोठाच आधार झाला. शेतकऱ्यांनी आपल्या उसाचा भाव आपण ठरवण्याची ताकद कमावली. १९२८ साली नाकारला गेलेला शब्द त्यांनी अखेर मिळवला.

ऊस तोडायला मात्र माणसं बाहेरून आली. दिवाळीनंतर धुळे–नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतून आणि डांगातून टोळ्या निघतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. नवरा, बायको आणि हाताशी एखादं पोर मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मजुरी कोयत्यावर मोजली जाते. रस्त्याकडेला पालं पडतात. हंगामभर खावटी मिळते आणि खरा हिशेब हंगाम संपल्यावर होतो. उचल, खावटी आणि तिच्यावरचं व्याज वजा करून जे उरेल ते हातात पडतं. ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिलं, तेव्हा हे चित्र सविस्तर मांडलं होतं.

यांतले कित्येक मजूर मराठी मुलखातले आहेत, मावची, भिल्ली, अहिराणी बोलणारे. त्यांची मुलं हंगामभर शाळेबाहेर राहतात. आकडा चौकशी करून ठरवा आणि आम्हाला समोर बसवून ठरवा, एवढंच बारडोलीच्या शेतकऱ्याने १९२८ साली मागितलं होतं. कोयत्याचा दर ठरताना तोडणाऱ्यालाही समोर बसता यावं, उचलीची वही त्याच्या हातात असावी, आणि पोराच्या शाळेचा दाखला नवापूरहून बारडोलीला त्याच्याबरोबर यावा, ही मागणी त्या मागणीहून तसूभरही मोठी नाही. ती पुरी करायला साखरेच्या भावात जो काय फरक पडेल, तोही बहुधा माणशी सव्वा रुपयाच्या जातीचाच असेल.