ठराव झाला, पुढे काय?

वाचकहो, कायदेमंडळात एखादा ठराव मंजूर झाला की आपण म्हणतो, 'चला, काम झाले!' पण ठराव होतो मुंबईत आणि पाणवठा असतो आपल्या गावात. या दोहोंमधली वाट किती लांबची असते, हे पाहायचे असेल तर महाडचा इतिहास पाहावा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, एवढीच त्यातली मागणी. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तसे हुकूमही दिले.

महाड हे तालुक्याचे ठाणे आणि बाजारपेठ. पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांतून माणूस येई तो बाजाराला, नाहीतर सरकारी टपाल वा साऱ्याची रक्कम पोचवायला. चवदार तळे होते गावच्या मालकीचे, पण सरकारी काम घेऊन आलेल्या महार माणसाला तिथे ओंजळभर पाणी मिळत नसे. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजे लोकांचे सुरबानाना, हे या सुधारणेचे खंबीर पाठीराखे. ते स्वतः स्पृश्य समाजातले, म्हणजे त्यांना विरोध करायचा होता तो आपल्याच आळीतल्या माणसांना!

कागदावर दोन ठराव झाले, तरी तळ्यावर कोणी गेले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले हजारो लोक डॉ. आंबेडकरांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर लाठ्या चालल्या आणि तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. नगरपालिकाही डगमगली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, तिने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. कोर्टाचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला. दावा मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. म्हणजे ठरावापासून पाण्याच्या हक्कापर्यंत पोचायला जवळजवळ चौदा वर्षे लागली!

त्याच १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे सुरबानाना कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्यांच्या पक्षाने तेथे कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

आता कोणी म्हणेल, मग ठरावांचा उपयोग काय? उपयोग आहे. बोल्यांचा ठराव नसता तर महाडच्या लोकांना 'हे आमच्या हक्काचे आहे' असे सरकारच्याच शब्दांत सांगता आले नसते. पण ठराव म्हणजे बियाणे. ते कोठारात ठेवून पीक येत नाही. कोणीतरी शेतात उतरावे लागते. बोले कौन्सिलात बोलले, टिपणीस नगरपालिकेत उभे राहिले आणि लोक तळ्यात उतरले. यांतला एक दुवा जरी निखळला असता, तरी काम तिथेच अडले असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात कायदेमंडळाचा धडा शिकवताना सालांबरोबर मुलांना एवढे जरूर विचारा: ठराव झाला, आता आपल्या गावात तो कोण अमलात आणणार?