हौसाताई पाटील : नोंदवहीबाहेर राहिलेली क्रांती

१/ कोल्हापूरहून उत्तरेकडे निघून वारणा ओलांडली, की वाळवा तालुका लागतो. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. १९४० च्या दशकात तो ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्याचा भाग होता. याच मुलखातील एका आजींचे २३ सप्टेंबर २०२१ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ हौसाताई पाटील. जन्म १९२६. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या. बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख या एका वाक्यात संपते. वास्तविक ती तिथून सुरू होते.

३/ हौसाताई तीन वर्षांच्या असतानाच आई गेली. वडील चळवळीत. सरकारने घर आणि जमीन जप्त केली. मामांनी आपले बैल आणि गाडी दिली. गूळ, भुईमूग, ज्वारी वाहून कुटुंबाने पोट भरले. नेत्याच्या त्यागाची किंमत घरातल्या बायकामुलांनीही मोजली होती.

४/ १९४२ च्या ‘चले जाव’नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. १९४३ ते १९४६ या काळात त्याने शेकडो गावांत तंटे सोडवले, सावकार व गुंडांना जरब बसवली, साध्या खर्चाचे विवाह लावले. तुफान सेना हे त्याचे सशस्त्र दल. त्यासाठी शस्त्रे लागत, आणि ती पोलिसांकडूनच मिळवायची होती.

५/ स्थळ : भवानीनगरचे पोलीस ठाणे. एक पुरुष आपल्या तरुण बायकोला मारहाण करतो आहे, ती आक्रोश करते आहे. पोलीस भांडण सोडवायला बाहेर येतात. तेवढ्यात मागून शिरलेले साथीदार चार बंदुका आणि काडतुसे घेऊन पसार होतात. भांडण हे नाटक होते. ती ‘बायको’ म्हणजे हौसाताई. नाटक खरे वाटावे म्हणून खाल्लेला मार मात्र खराच होता.

६/ हा डाव यशस्वी का झाला? नवऱ्याचा मार खाणारी बाई हे दृश्य इतके नित्याचे होते, की त्यामागे कट असेल असे कोणालाही वाटले नाही. समाजाने बाईला जे गौण स्थान दिले होते, त्याचाच हौसाताईंनी शस्त्रासारखा उपयोग केला.

७/ पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यातही त्या गेल्या. तिथे कैदेत पडलेल्या साथीदाराला त्या बहीण म्हणून भेटल्या. निरोपाची चिठ्ठी केसांत लपवली होती. परतताना मध्यरात्री मांडवी ओलांडली : त्या लाकडी पेटीवर, साथीदार पोहत बाजूला.

८/ पण ज्या अदृश्यतेने त्यांना वाचवले, तिनेच अशा असंख्य स्त्रियांना इतिहासाबाहेर ठेवले. स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रीय निवृत्तिवेतन योजना १९७२ साली आली. तिच्या निकषांत भर होता तो तुरुंगवासावर आणि भूमिगत असल्याच्या सरकारी पुराव्यावर. रात्री भाकरी थापणारी, निरोप पोचवणारी, फरारी माणसाला माळ्यावर लपवणारी बाई पकडली गेली नाही, हेच तिचे यश. आणि म्हणूनच तिच्याकडे कागद नाही.

९/ हौसाताईंना दीर्घायुष्य लाभले. नव्वदी ओलांडल्यावरही त्या हे प्रसंग हावभावांसह सांगत. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते टिपून घेतले. २०२२ साली आलेल्या ‘द लास्ट हीरोज’ या त्यांच्या पुस्तकात हौसाताई आहेत. पुस्तक आले तेव्हा त्या नव्हत्या. एका वर्षाचे अंतर. पण आठवणी त्याआधीच नोंदल्या गेल्या होत्या, म्हणून हाती आहेत.

१०/ आपल्या गावातील वृद्ध स्त्रीला “तुम्ही किंवा तुमची आई चळवळीत होता का?” असे विचारले, तर बहुधा “नाही बाळा, आम्ही कसल्या!” असे उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : रात्री-अपरात्री घरी कोण येत असे? भाकरी कोणासाठी बांधून दिली जाई? दाराशी पोलीस आल्यावर आई काय म्हणाली? त्या काळातली उरलेली माणसे आता फार थोडी आहेत. या सुट्टीत गावी गेलात, तर हे प्रश्न सोबत न्या.